तांब्याचा सेंट आणि म्हातारा स्कॉट

आवाज मागपर्यंत पोचतोय ना? पोचत नसेल तर हात वर करा. पस्तीस वर्षं परेड ग्राउंडवर ओरडण्यात गेली आहेत, माईकची तशी मला गरज नाही.

मी फौजेतून कर्नल म्हणून निवृत्त झालो. इंजिनिअर्समध्ये होतो, म्हणजे पूल बांधायचे, सुरुंग पेरायचे आणि काढायचे. घर इंदूरचं. आमच्यासारखी मराठी माणसं तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आमचं मराठी ऐकून पुण्याचे नातेवाईक अजून हसतात, त्याला आमचा इलाज नाही. नाणेशास्त्राची माझ्याकडे कसलीही पदवी नाही. मी साधा बी.एस्सी. आहे. तेव्हा इथे तज्ज्ञ बसले असतील तर त्यांनी सांभाळून घ्यावं.

विषय आहे अमेरिकेचे जुने तांब्याचे सेंट. 1793 ते 1857 या काळात फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पाडलेली मोठी, जाड, तांब्याची नाणी. आकाराने आपल्या आजच्या दहाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी. शंभर सेंट म्हणजे एक डॉलर. लोक मला विचारतात, कर्नलसाहेब, इंदूरच्या माणसाला होळकरांची नाणी सोडून हे काय सुचलं? त्याचं उत्तर माझ्या आजीच्या देवघरात आहे.

आजीच्या देवघरात ताम्हणात एक शिवराई असायची. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. अक्षरं इतकी झिजलेली की ठाऊक असेल त्यालाच वाचता यावीत. आजी रोज तिला हळदकुंकू वाहायची, पण घासायची मात्र कधी नाही. देवाची भांडी चिंचेने लख्ख व्हायची, शिवराई तशीच काळीसावळी. मी एकदा विचारलं तर म्हणाली, “तिचा रंग तिचा तिने कमावलाय, आपण कशाला काढायचा?” मी आठ-नऊ वर्षांचा होतो. एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. त्याची किंमत पुढे मोजली, ती सांगतोच.

1994 साली मी मेजर होतो. एका कोर्ससाठी मला अमेरिकेत मिसुरी राज्यात फोर्ट लिओनार्ड वूडला पाठवलं होतं. रविवारी करमायचं नाही. जवळच्या गावात जुन्या वस्तूंचं दुकान होतं: मोडके कंदील, घोड्यांचे नाल, कुणाच्या तरी आजोबांचे चष्मे. तिथे एका काचेच्या बशीत सुटी नाणी पडलेली होती. त्यात एक मोठं काळपट तांब्याचं नाणं हाताला लागलं. हाताला वजन जाणवलं आणि खरं सांगतो, मला एकदम आजीचं ताम्हण दिसलं. तेच वजन, तोच थंडपणा. उलटून पाहिलं तर एका बाईचा चेहरा, खाली 1798. म्हणजे आपल्याकडे दुसरा बाजीराव पेशवा गादीवर असतानाचं. बारा डॉलरला घेतलं.

आणि मग मी काय केलं? फौजी माणूस. तांब्या-पितळेची वस्तू मळकी दिसली की हात शिवशिवतात. बेल्टचं बक्कल चमकलं नाही म्हणून आयुष्यभर जवानांना झापलेलं. खोलीत आलो, ट्रंकेतून ब्रासोचा डबा काढला आणि अर्धा तास ते नाणं घासलं. आरशासारखं चमकलं! दुसऱ्या दिवशी वर्गात मोठ्या अभिमानाने एका अमेरिकन कॅप्टनला दाखवलं. त्याचे वडील नाणी जमवायचे. त्याने ते हातात घेतलं, बराच वेळ काही बोलला नाही, मग हळूच म्हणाला, “सर, दोनशे वर्षं टिकलं होतं हे.”

त्या एका वाक्याने मी संग्राहक झालो. तांबं हा जिवंत धातू आहे. हवेशी, हाताशी, घामाशी त्याचा व्यवहार चालूच असतो. चॉकलेटी, ऑलिव्हसारखी हिरवट, काळसर अशी जी झाक त्यावर चढते तीच त्याचं चिलखत. ती घासून काढली की खालचं तांबं उघडं पडतं. ते भडक गुलाबी दिसतं आणि मग डागाळत जातं. पुन्हा आधीसारखं होत नाही. तो सेंट आजही माझ्याकडे आहे. मी त्याला ‘ब्रासो’ म्हणतो.

आता या नाण्यांची गोष्ट. देश नवा, खजिना रिकामा, बाजारात ब्रिटिश, स्पॅनिश, फ्रेंच आणि खोटी अशी सगळी नाणी चालताहेत. 2 एप्रिल 1792 ला टांकसाळीचा कायदा झाला. त्यात एक गमतीदार वाद झाला. नाण्यावर राष्ट्राध्यक्षाचा मुखवटा असावा असं सिनेटचं म्हणणं. प्रतिनिधी सभा म्हणाली, अजिबात नाही, हे राजेरजवाड्यांचे चाळे झाले. शेवटी ठरलं की नाण्यावर स्वातंत्र्याचं प्रतीक असेल, ‘लिबर्टी’ हा शब्द असेल आणि साल असेल. म्हणजे कुण्या खऱ्या माणसाचं तोंड नाही, एका कल्पनेचं तोंड कोरायचं. आता कल्पनेचं नाक कसं असतं, केस कसे असतात, हे कोण सांगणार?

टांकसाळीचा पहिला संचालक डेव्हिड रिटनहाउस खगोलशास्त्रज्ञ आणि घड्याळं बनवणारा. मुख्य नाणेकार हेन्री व्हॉइट, तोही घड्याळजीच. देशात ठसे कोरणारे कारागीर मिळत नव्हते, म्हणून पहिल्या सेंटचं काम व्हॉइटवर आलं असं मानतात. मार्च 1793 मध्ये ते बाहेर पडले. एका बाजूला केस पिंजारलेली लिबर्टी, दुसऱ्या बाजूला पंधरा कड्यांची साखळी, पंधरा राज्यांच्या एकजुटीची खूण म्हणून. झालं! वर्तमानपत्रांत ओरड सुरू झाली. ही बाई घाबरलेली दिसते, आणि स्वातंत्र्याच्या नाण्यावर बेड्या कशाला? ज्या देशात लाखो माणसं खरोखरीच्या बेड्यांत होती तिथे हा प्रश्न तांब्याच्या नाण्याबद्दल विचारला गेला, हे मला दरवेळी टोचतं. असो. पहिल्या ठशात तर ‘अमेरिका’ हा शब्द पुरता बसलाच नाही, ‘अमेरि.’ असं लिहून पूर्णविराम दिला. आपल्या गावच्या पेंटरसारखं, पाटी संपली की अक्षरं दाटीवाटीने बसवायची. साखळीचे एकंदर 36,103 सेंट पाडले आणि लगेच साखळी काढून पानांची माळ घातली.

मग आला जोसेफ राइट. हा खरा कलावंत. आई पेशन्स राइट मेणाचे पुतळे करण्यात नावाजलेली, मुलाने वॉशिंग्टनचं चित्र काढलेलं. फ्रँकलिनच्या कल्पनेवरून पॅरिसमध्ये ओग्युस्तँ द्युप्रे या कारागिराने एक पदक कोरलं होतं, त्यावरच्या लिबर्टीवरून राइटने टोपी आणि काठी घेतलेली लिबर्टी तयार केली. ती टोपी म्हणजे रोममध्ये मुक्त झालेल्या गुलामाची टोपी. फार सुंदर चेहरा आहे. पण 1793 च्या ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियात पिवळ्या तापाची साथ आली. पन्नास हजारांच्या आसपास वस्तीच्या शहरात सुमारे पाच हजार माणसं गेली. सप्टेंबरमध्ये राइट गेला, त्याची बायकोही गेली. त्याच्या टोपीवाल्या सेंटची 1793 सालची नाणी जेमतेम अकरा हजार.

आणि 23 नोव्हेंबर 1793 ला त्या रिकाम्या जागेवर रॉबर्ट स्कॉटची नेमणूक झाली. माझं भाषण खरं तर या माणसाबद्दल आहे.

स्कॉटचा जन्म 1745 चा, एडिंबराचा. घड्याळाचं काम शिकला, मग खोदकाम. अमेरिकेत व्हर्जिनियात आला, तिथे राज्याच्या नोटांच्या प्लेटा कोरल्या, 1781 मध्ये फिलाडेल्फियात स्थायिक झाला. तिथे छापखान्यांसाठी तांब्याच्या पत्र्यांवर चित्रं कोरायचा. थॉमस डॉब्सनच्या विश्वकोशातल्या चित्रांत त्याचा हात आहे. टांकसाळीत आला तेव्हा वय अठ्ठेचाळीस. त्या काळात ते वय म्हणजे नातवंडं खेळवायचं. पगार वर्षाला 1,200 डॉलर. पुढची तीस वर्षं, 1823 मध्ये मरेपर्यंत, तो त्याच खुर्चीवर होता.

ठसे कोरणं म्हणजे काय हे थोडं समजावून सांगतो, कारण इथेच सगळी मेख आहे. कागदावर छापायची प्लेट कोरणं वेगळं आणि नाण्याचा ठसा कोरणं वेगळं. ठसा पोलादाचा. आधी चेहरा उठावात कोरलेला एक खिळा करायचा, त्याला पाणी देऊन कडक करायचं, मग तो मऊ पोलादाच्या ठोकळ्यात दाबून बसवायचा. मग अक्षरं. एकेक अक्षराचा वेगळा खिळा, एकेक हातोडीने ठोकायचा, आणि तेही उलटं, आरशात दिसतं तसं. मग आकडे, मग पानं, मग केसांच्या बटा हाताने कोरून साफ करायच्या. मग पुन्हा पोलाद तापवून पाणी द्यायचं. पाणी देताना ठसा तडकला की सगळी मेहनत वाया. टिकला तर दाबाखाली हळूहळू तडे जात, आणि ते तडेसुद्धा नाण्यावर उमटत. पोलादही यथातथाच. दाबयंत्र माणसं दांडा ओढून फिरवायची, तांब्याचे पत्रे लाटणारं यंत्र घोडे ओढायचे. वाफेचं इंजिन 1816 ला आलं.

याचा परिणाम असा की कोणतेही दोन ठसे तंतोतंत सारखे नाहीत. एकट्या 1794 सालच्या सेंटचे पन्नासहून जास्त प्रकार आहेत. अक्षर जरा डावीकडे, केसाची बट जरा लांब, पान जरा खाली. 1869 मध्ये फिलाडेल्फियाच्या डॉ. एडवर्ड मॅरिस यांनी या सगळ्या लिबर्टींना नावं ठेवली. म्हणजे शब्दशः नावं ठेवली! एक ‘दुहेरी हनुवटी’, एक ‘पॅटागोनियन’, एक ‘सागरी व्हीनस’. पलटणीत जवानांना टोपणनावं पडतात तसंच. आणि त्याच वर्षाच्या एका ठशावर मागच्या बाजूला कडेने चौऱ्याण्णव बारीक तारे आहेत. चौऱ्याण्णव! कुणी, कशासाठी कोरले याचा टांकसाळीच्या कागदपत्रांत काही उल्लेख नाही. मी तो ताऱ्यांचा सेंट काचेआड एकदाच पाहिलाय. तारे दिसायला भिंग लागतं.

चुका तर विचारूच नका. 1796 च्या एका ठशात ‘लिबर्टी’मधला ‘बी’ आधी उलटा ठोकला गेला, मग त्यावरच सुलटा ठोकला. दोन्ही मिळून तिथे ‘एच’ दिसतो. 1801 चा एक ठसा तर कहर आहे. ‘युनायटेड’मधल्या ‘यू’च्या जागी दोन ‘आय’ उभे दिसतात, माळेचा एक देठ गायब, आणि खाली एक-शतांश लिहायचं तिथे छेदाच्या शंभरातला पहिला एकच पडला नाही, नुसती तीन शून्यं. एका ठशात तीन चुका. ही नाणी आज संग्राहक हौसेने शोधतात.

पण या चुकांचा एक परिणाम वाईट झाला. विसाव्या शतकातल्या बऱ्याच लेखकांनी स्कॉटला निकालात काढलं. म्हातारा होता, डोळे गेले होते, हात थरथरत होता, कलावंत नव्हताच. मीही माझ्या पहिल्या दहा वर्षांत हेच म्हणत होतो, वाचलं तसं बोलत होतो. एका कार्यक्रमात तर ‘आंधळा स्कॉट’ असं म्हणून टाळ्या घेतल्या होत्या.

मग मला मोतीबिंदू झाला. हसू नका. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत सहा महिने मला 1794 चा एकही प्रकार ओळखता येईना. रिकामपण होतं, म्हणून मी निराळा हिशेब मांडला. 1796 सालापर्यंत ही टांकसाळ किती किमतींची नाणी पाडत होती? तांब्याची दोन, चांदीची पाच, सोन्याची तीन. एकूण दहा. प्रत्येकाला दोन बाजू. ठसे तडकताहेत, मोडताहेत, नवे लागताहेत. आणि ठसे कोरणारा अधिकृत माणूस एक, हाताखाली कधी एखादा मदतनीस, जॉन स्मिथ गार्डनरसारखा, तोही 1796 पर्यंतच. उन्हाळ्यात पिवळा ताप आला की टांकसाळ बंद, मग राहिलेलं काम हिवाळ्यात. पुलाची कंपनी मागितली आणि एक सेक्शन मिळाली, तरी पूल त्याच तारखेला हवा, ही परिस्थिती मी पाहिलेली आहे. अशा वेळी नटबोल्ट एखादा वाकडा बसतोच. पूल उभा राहिला की नाही ते बघायचं. स्कॉटचा राहिला.

त्याच 1796 मध्ये सेंटवर स्कॉटची नवी लिबर्टी आली: केस मोकळे, फितीने बांधलेले, खांद्यावर वस्त्र. गिल्बर्ट स्टुअर्ट या चित्रकाराच्या रेखाटनावरून ती केली असं परंपरेने मानतात. माझी ‘ब्रासो’ तीच. घासून घासून मी तिच्या केसांचं पार तेल काढलं, तरी गालाची गोलाई अजून बोटाला कळते.

1807 मध्ये टांकसाळीच्या संचालकांनी जॉन राइख या जर्मन कारागिराला स्कॉटचा सहायक म्हणून घेतलं, कारण स्कॉट आता बासष्टचा. राइखने आल्या आल्या नाण्यांची डिझाइनं बदलायला घेतली. 1808 पासून सेंटवरही त्याची लिबर्टी आली, कुरळ्या केसांवर पट्टी बांधलेली. राइख जास्त कुशल होता, यात मला शंका नाही. पण पगार वर्षाला 600 डॉलर, स्कॉटच्या निम्मा, आणि दहा वर्षांत एक पै वाढली नाही. 1817 मध्ये तो सोडून गेला. म्हातारा स्कॉट राहिला. राइखच्या लिबर्टीनंतर 1816 पासून सेंटवर जी भारदस्त, जाड मानेची बाई आली ती स्कॉटच्या नावावर मांडतात. तिला कुणी सुंदर म्हणत नाही. मीही म्हणणार नाही. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाने ती कोरली. राइखवर अन्याय झाला हे मान्य. त्याचं खापर स्कॉटच्या डोळ्यांवर फोडायचं कारण नाही, पगार ठरवणारे निराळे होते.

आता जरा मुंबईकडे येतो. सुरुवातीला टांकसाळ जुनी भांडी, भंगार, मिळेल ते तांबं वितळवत होती. मग त्यांनी कोऱ्या चकत्या इंग्लंडमधून मागवायला सुरुवात केली. कुणाकडून? बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनकडून. जेम्स वॅटचा भागीदार, सोहो टांकसाळीचा मालक. आणि याच बोल्टनने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी 1791 आणि 1794 मध्ये तांब्याचे पैसे पाडले. एका बाजूला कंपनीचं गाठोड्यावरचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला तराजू. जुन्या बाजारात ते अजून मिळतात. मी एक मुंबईचा तराजूचा पैसा आणि एक 1798 चा सेंट एकाच डबीत ठेवतो. एकाच माणसाच्या कारखान्यातून एकीकडे मुंबईच्या बाजारात पैसा गेला, दुसरीकडे फिलाडेल्फियाला कोरी चकती गेली. 1812 मध्ये इंग्लंडशी युद्ध सुरू झालं, चकत्या यायच्या थांबल्या, साठा 1814 मध्ये संपला. म्हणून 1815 साल घातलेला एकही अस्सल सेंट नाही. कुणी दाखवला तर हात जोडून घरी या.

दुसरा धागा त्याहून गमतीचा. न्यूयॉर्कला टॅलबट, अ‍ॅलम अँड ली नावाची पेढी होती, हिंदुस्थानशी व्यापार करणारी. त्यांनी 1794-95 मध्ये जहाजाचं चित्र असलेले तांब्याचे टोकन काढले. पेढीचं पुढे जमलं नाही. टांकसाळीला तांब्याची चणचण, त्यांनी हे टोकन विकत घेतले आणि त्यांच्यातूनच अर्ध्या सेंटच्या चकत्या कापल्या. काही अर्ध्या सेंटवर लिबर्टीच्या चेहऱ्याखाली जुन्या टोकनची अक्षरं अजून डोकावतात. हिंदुस्थानच्या व्यापाऱ्याचं तांबं, वर स्कॉटच्या टांकसाळीचा ठसा. तसलं एक मला मिळालं तर बाकी संग्रह मी वाटून टाकीन. बायको मागच्या रांगेत बसली आहे, तिने ऐकलं.

आता ज्यासाठी मी इथे यायला कबूल झालो ते.

फिलाडेल्फियात जोसेफ मिकली नावाचा पियानो बनवणारा होता. जन्म 1799 चा. पोरवयात त्याच्या मनात आलं, आपल्या जन्मसालाचा सेंट आपल्याकडे असावा. शोधू लागला तर मिळेना. शोधता शोधता अमेरिकेतला त्या काळचा मोठा संग्राहक झाला. टांकसाळीच्या नोंदीत 1799 मध्ये नऊ लाखांवर सेंट आहेत, पण त्यातले बहुतेक 1798 च्याच ठशांनी पाडलेले. 1799 साल घातलेले फार थोडे, आणि त्यांचं तांबंही वाईट, काळवंडलेलं, खडबडीत. आजही अगदी झिजलेला तुकडा घ्यायचा तर चांगला दाम पडतो.

2016 मध्ये मला तो मिळाला. परदेशातल्या एका विक्रेत्याकडून, फोटो पाहून घेतला. पेन्शनचे तीन महिने गेले. घरात मी आकडा निम्मा सांगितला. (हे तिला नंतर कळलं, त्यावर चर्चा झालेली आहे.) नाणं आलं ते देखणं होतं. गुळगुळीत, चॉकलेटी. मला तेव्हाच कळायला हवं होतं. 1799 चं तांबं इतकं चांगलं कसं? खरं सांगायचं तर मला कळलं होतं. कुठेतरी आत कळलं होतं. पण मी भिंग बाजूला ठेवलं.

पुढच्या वर्षी आमच्याकडे नाण्यांचं प्रदर्शन होतं. मी ते नाणं मधोमध मांडलं, चिठ्ठीवर टपोऱ्या अक्षरांत लिहिलं: 1799, अत्यंत दुर्मीळ. दिवसभर लोक येत होते. संध्याकाळी सातवी-आठवीतला एक मुलगा आला. काचेवर नाक टेकवून बराच वेळ पाहत राहिला, मग म्हणाला, “काका, यातले दोन नऊ सारखे का नाहीत? शेवटचा बारीक आहे.” मी त्याला काय म्हटलं ठाऊक आहे? “जुन्या काळी हाताने करायचे बाळ, असंच असायचं.” मुलगा “हो का” म्हणाला आणि गेला.

आकडे खिळ्यांनी ठोकायचे. दोन्ही नऊ ठोकायला सहसा एकच खिळा. हे मी मघाशी तुम्हाला सांगितलं, तेव्हाही मला ठाऊक होतं. त्या पोराचा प्रश्न बरोबर होता आणि मी त्याला गप्प केलं, तेही हाताच्या कामाचं नाव सांगून.

त्या रात्री झोप लागली नाही. पहाटे चार वाजता उठून भिंगाखाली नाणं घेतलं. 1799 च्या सेंटचे माहीत असलेले ठसे-प्रकार फक्त दोन. नाणं अस्सल असेल तर ते या दोहोंपैकी एकाशी जुळलंच पाहिजे: सालाचे आकडे वस्त्राच्या कडेपासून किती दूर, लिबर्टीची अक्षरं केसांपासून किती दूर, मागच्या बाजूला पानांची टोकं कुठल्या अक्षराखाली. मी फोटो शेजारी ठेवून एकेक ताडून पाहिलं. दोन्ही प्रकारांशी जुळेना. मग 1798 चे प्रकार काढले. तिथे एकाशी हुबेहूब जुळलं. कुणीतरी आठाचा खालचा गोल कोरून काढून त्याचा नऊ केला होता. तिरप्या उजेडात त्या जागी ओरखडे दिसले, आजूबाजूचं तांबंही किंचित खाली गेलेलं. स्कॉटच्या काळात 1798 चे अठरा लाखांवर सेंट पाडले गेले. त्यातला एक माझ्या हातात होता, शेवटचा आकडा बदललेला.

ही ओळखायची पद्धत ज्याने रुळवली त्या विल्यम शेल्डनचं नाव इथे घ्यावं लागतं. 1949 मध्ये त्याने या सेंटच्या प्रकारांना क्रमांक दिले. नाण्याची अवस्था एक ते सत्तर अंकांत मोजायची पद्धत त्याचीच, आज जगभर चालते. आणि हाच माणूस अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले चांगले सेंट काढून त्या जागी आपले हलके सेंट ठेवत होता, हे त्याच्या मृत्यूनंतर उघडकीला आलं. कसं पकडलं? जुन्या फोटोंशी नाणी ताडून पाहिली. तडे, ओरखडे, डाग जुळेनात. मला या गोष्टीत आधी गंमत वाटायची. त्या पहाटेनंतर वाटत नाही.

विक्रेत्याने पैसे परत द्यायला नकार दिला, मुदत संपली म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. मुदत मीच घालवली होती. दरम्यान एका ओळखीच्याने मला विचारलं, तो 1799 देता का, मी तेवढ्यालाच घेतो. त्याने प्रदर्शनात पाहिला होता. मी फोनवर चार सेकंद गप्प राहिलो. ते चार सेकंद मला अजून आठवतात. मग त्याला सांगितलं.

पुढच्या प्रदर्शनात ते नाणं पुन्हा मधोमध मांडलं. चिठ्ठी बदलली: 1798, शेवटचा आकडा बदललेला, संग्राहक फसला. शेजारी मोठं भिंग ठेवलं. त्या दिवशी माझ्या टेबलाशी जितकी गर्दी झाली तितकी दुर्मीळ म्हणून मांडलं तेव्हा झाली नव्हती. तो मुलगा आला नाही. दर वर्षी मी काचेवर नाक टेकवणारी पोरं बघतो. तो आता कॉलेजात असेल.

गेल्या वर्षी मुलीकडे न्यू जर्सीला गेलो होतो, तेव्हा फिलाडेल्फियाला जाऊन आलो. सेव्हन्थ स्ट्रीटवरची ती पहिली टांकसाळ कधीच पाडली. तिथे आता सरकारी इमारत आहे. फूटपाथवर उभं राहून मी खिशातली ‘ब्रासो’ काढली आणि जरा वेळ हातात धरली. पोलीस बघत होता. जावई म्हणाला, बाबा चला, पार्किंगचे पैसे वाढताहेत.

बास. तिथे टेबलावर बारा नाणी ठेवली आहेत. खोटं 1799 सुद्धा आहे, कोणतं ते सांगणार नाही, ओळखा. नाणी कडेने धरायची, चेहऱ्याला बोट लावायचं नाही, खाली मखमल आहे तिच्यावरच ठेवायची. आधी हात धुऊन कोरडे करून या. आणि कुणाच्या खिशात ब्रासो असेल तर तो माझ्याकडे जमा करायचा.